दोन डब्यांचा संसार

ज्यांच्या लहानपणी घरात पहिल्यांदा टीव्ही आला, अशा मैत्रिणींना एक दृश्य नक्की आठवत असेल. वडील किंवा काका गच्चीवर. हातात बांबूला बांधलेला अँटेना. खिडकीत आपण आणि आत टीव्हीसमोर आई.

"आलं का?"

"नाही, मुंग्याच आहेत!"

"आता?"

"आलं, आलं... गेलं!"

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पण आमच्या चांद्यापर्यंत चित्र पोचायला मध्ये कितीतरी वर्षं गेली. १९८२ मध्ये रंग आले. १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी गल्ली ओस पडायची आणि ज्यांच्याकडे टीव्ही असेल त्यांच्या दारात चपलांचा ढीग लागायचा. त्या अँटेनाची एक गोष्ट मात्र चांगली होती. बिघाड कुठे आहे ते डोळ्यांना दिसायचं. कावळा बसला, वाऱ्याने काठी फिरली, की चित्र गेलं. गच्चीवर जा आणि काठी फिरवा, झालं!

आता गच्ची रिकामी झाली. खांबावरून एक बारीकशी तार घरात येते. त्याच तारेवरून मुलांचा अभ्यास, यजमानांचं ऑफिस आणि आपला टीव्ही चालतो. बिघडलं तर काय फिरवायचं, कुठे फिरवायचं, काही कळत नाही. आणि घरात एकाऐवजी दोन डबे असतील, तर विचारूच नका! माझ्या घरी हेच झालं. आधी ती हकीकत सांगते आणि मग त्यातून मी काय शिकले ते. तुमच्या उपयोगी पडेल.

अकरा दिवसांचा मुका टीव्ही

आमचं घर चंद्रपुरातलं, जुन्या धाटणीचं. पुढे बैठक, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे सासूबाईंची खोली. भिंती चांगल्या दीड फुटाच्या. सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. मागच्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर धरून चार पावलं टाकू लागल्या, पण दिवसाचा बराचसा वेळ पलंगावरच.

त्यांचं माहेर आरमोरी तालुक्यातलं, म्हणजे ऐन झाडीपट्टीतलं. तिकडे धान निघालं, दिवाळी झाली की गावोगाव मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या, थंडीत घोंगडी पांघरून बसलेले हजारो लोक आणि उजाडेपर्यंत चाललेला खेळ, हे सगळं त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. ही नाटकं आता यूट्यूबवर मिळतात. त्यांच्या पलंगासमोर टीव्ही लावला आणि एक नाटक सुरू करून दिलं. काय सांगू, पात्र बोलायच्या आधी ह्याच वाक्य म्हणून टाकायच्या! त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवल्या.

पण मागच्या खोलीपर्यंत वायफाय नीट पोचेना. नाटक ऐन रंगात यायचं आणि पडद्यावर ते गोल चाक फिरू लागायचं. दिवाळीत मुलगा पुण्याहून आला. त्याने दुसरा राउटर आणला, स्वयंपाकघरातून तार ओढून आजीच्या खोलीत बसवला. दोन दिवस झकास चाललं. तो परत गेला त्याच संध्याकाळी वीज गेली. वीज आली, पण टीव्ही काही आला नाही. 'वायफाय जोडले आहे, इंटरनेट नाही' एवढंच पडद्यावर.

मी तक्रारीच्या नंबरला फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, आमच्याकडून लाइन बरोबर आहे. घरात कुणी जेन्ट्स आहेत का? त्यांना द्या." आमचे 'हे' वीज केंद्रात पाळीवर. संध्याकाळी आले तर म्हणाले, "माझ्या फोनवर तर चालतंय!" सगळ्यांच्या फोनवर चालत होतं. फक्त टीव्ही मुका. असे अकरा दिवस गेले. सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. बाराव्या दिवशी मी पुन्हा ती बटणं दाबत बसले होते, तेव्हा हळूच म्हणाल्या, "राहू दे वो बाई. डोळे मिटले का मले सारंच नाटक दिसते."

मैत्रिणींनो, मला रडू आलं. घरातला मिक्सर बिघडला, गॅसची नळी बदलायची झाली, फ्यूज गेला, तरी आपण अडून बसत नाही. मग या दोन डब्यांपुढेच हात जोडून का बसावं? दुसऱ्या दिवशी गल्लीत तार जोडायला आलेल्या पोराला मी घरात बोलावलं. त्याने मिनिटभर बघितलं आणि हसला. "वहिनी, तुमच्या घरी दोघंही पत्ते वाटून रायले. एकाले चूप बसवा." मी म्हटलं, "तू बसवू नकोस. मला दाखव, मी बसवते."

कोणता डबा कशाचा?

इंटरनेटवाले जो डबा भिंतीवर लावून देतात, त्याला आपण सरसकट मोडेम म्हणतो. फायबरच्या तारेतून वीज येत नाही, उजेड येतो. काचेच्या केसासारख्या धाग्यातून डोळ्यांना न दिसणारा लेझरचा उजेड घरात येतो आणि त्याचं इंटरनेट करण्याचं काम हा डबा करतो. म्हणून ती तार घडी घालून कपाटामागे कोंबू नका आणि निघालेलं टोक डोळ्यासमोर धरून बघू नका. मुलांनाही सांगून ठेवा. डब्यावर 'एलओएस' लिहिलेला लाल दिवा लागला, तर उजेड घरापर्यंत पोचतच नाही असं समजा. तिथे आपला इलाज नाही, तक्रारच करायची.

दुसरं काम राउटरचं. आलेलं इंटरनेट घरातल्या दहा वस्तूंत वाटायचं. प्रत्येक फोनला, टीव्हीला तो एकेक पत्ता देतो, म्हणजे कोणाचं काय कुठे पोचवायचं ते चुकत नाही. वायफाय हा या वाटपाचाच बिनतारी भाग. आजकाल इंटरनेटवाल्यांच्या एकाच डब्यात ही सगळी कामं भरलेली असतात. म्हणजे तो नुसता दारवान नाही, कोठीच्या किल्ल्याही त्याच्याच कमरेला.

आता त्यामागे आपण स्वतःचा राउटर जोडतो. तोही कारखान्यातून येतो तो कारभारीण होऊनच! तोही पत्ते वाटू लागतो. एका घरात दोन कारभारणी आणि दोघींच्या कमरेला किल्ल्या, म्हटल्यावर काय होणार? आमच्याकडे तार दुसऱ्या राउटरच्या चुकीच्या भोकात गेली होती. वीज येऊन टीव्ही सुरू झाला, तेव्हा त्याला पत्ता दिला दुसरीने आणि सांगितलं, 'काही हवं असेल तर माझ्याकडेच माग.' तिच्याकडे तर इंटरनेटची वाटच नव्हती!

आणि फोन कसे चालत होते? वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन मुकाट्याने स्वतःच्या सिमकार्डाच्या डेटावर जातो. टीव्हीला सिमकार्ड नाही. म्हणून 'माझं तर चालतंय' या बोलण्यावर जाऊ नका. तपासायच्या आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा. ही पहिली खूण मनात ठेवा.

दुसरा राउटर घेण्याआधी

दुकानात जाण्याआधी पहिल्याच डब्याची जागा बदलून बघता येते का ते पाहा. कित्येक घरांत तो दारामागे, कपाटावर किंवा टीव्हीच्या बंद पेटीत असतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी आणि जाड भिंती वायफायला अडवतात. मायक्रोवेव्ह चालू असतानाही २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला व्यत्यय येतो. डबा घराच्या मध्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर आणि मोकळा ठेवला तर पुष्कळदा काम भागतं.

वायफायची दोन नावं दिसतात, त्यांचाही फरक समजून घ्या. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय दूर जातं, पण वेग बेताचा. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान, पण एक-दोन भिंतींत दमतं. टीव्ही डब्याच्या खोलीतच असेल तर ५ निवडा, लांब असेल तर २.४.

टीव्हीला वेग तरी किती लागतो? चांगल्या एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस आणि फोर-के चित्राला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे ४० किंवा ५० चा प्लॅन असेल, तर एका टीव्हीसाठी त्याहून मोठा घेऊन उपयोग नाही. अडचण बहुधा रस्त्यावरच्या तारेत नसते, ती बैठकीपासून मागच्या खोलीपर्यंतच्या भिंतींत असते. एचडी चित्राला तासाला दोन-तीन जीबी डेटा जातो, हेही हिशेबात धरा.

जोडण्याच्या तीन रीती

आता मुख्य गोष्ट. सुरुवात करण्याआधी दोन्ही डब्यांच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. कोणती तार कुठे होती ते नंतर आठवत नाही. आणि इंटरनेटवाल्यांच्या डब्यावरचं टाचणीने दाबायचं रिसेटचं बारीक भोक चुकूनही दाबू नका. त्यात त्यांनी भरलेली सगळी माहिती पुसली जाते आणि मग माणूस येईपर्यंत घर बंद!

पहिली रीत : दुसऱ्या राउटरला नुसता वाढपी करायचा. ही रीत सगळ्यात सोपी आणि बहुतेक घरांना हीच पुरते. पत्ते वाटायचं काम पहिल्याच डब्याकडे राहतं, दुसरा फक्त लांबच्या खोलीत वायफाय पोचवतो. नव्या राउटरच्या ॲपमध्ये किंवा सेटिंगच्या पानावर 'ॲक्सेस पॉइंट मोड' असं असतं. ते निवडा. पहिल्या डब्याच्या 'लॅन' लिहिलेल्या भोकातून तार काढा आणि नव्याच्या 'वॅन' लिहिलेल्या भोकात घाला. वॅनचं भोक बहुधा वेगळ्या रंगाचं असतं. संपलं!

जुना राउटर वापरणार असाल आणि त्यात हा मोड नसेल, तरी हरकत नाही. सेटिंगमध्ये 'डीएचसीपी' बंद करा. पत्ते वाटण्याचं नाव ते हेच. मग त्याचा स्वतःचा पत्ता बदला. पहिल्या डब्याचा १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२ करा. तो पत्ता पहिला डबा दुसऱ्या कुणाला देत नाही ना, एवढं बघा. आकडे अर्थात इंग्रजीत लिहायचे. या वेळी तार लॅनमधून लॅनमध्ये घालायची, वॅनचं भोक रिकामं ठेवायचं. माझ्या घरी मी हेच केलं. चुकीच्या भोकात गेलेली तार आपोआप बरोबर भोकात आली!

या रीतीचा आणखी एक फायदा. फोन, टीव्ही आणि टीव्हीचा छोटा डबा सगळे एकाच कुटुंबात राहतात. फोनवरचं चित्र टीव्हीवर टाकायचं असेल किंवा फोनचाच रिमोट करायचा असेल, तर दोघं एका जाळ्यात असावे लागतात.

दुसरी रीत : वेगळी चूल. नवा राउटर कारभारीणच राहतो, पण त्याचं स्वतःचं वेगळं कुटुंब. तार पहिल्याच्या लॅनमधून नव्याच्या वॅनमध्ये. मुलांच्या वस्तूंवर वेळेचं बंधन घालायचं असेल किंवा भाडेकरूंना पुढचं आणि घरच्यांना मागचं जाळं द्यायचं असेल, तर ही रीत बरी. पण दोघांच्या पत्त्यांचे आकडे वेगळे हवेत. एकाचा १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याचा १९२.१६८.२.१ करावा, नाहीतर गोंधळ. आणि पुढच्या खोलीतला फोन मागच्या खोलीतल्या टीव्हीला ओळखणार नाही, हे आधीच समजून असा. साधं यूट्यूब किंवा मालिका बघायला या रीतीत अडचण येत नाही.

तिसरी रीत : सगळा कारभार नव्याकडे. याला 'ब्रिज मोड' म्हणतात. इंटरनेटवाल्यांचा डबा फक्त उजेडाचं इंटरनेट करतो, बाकी सगळं आपला राउटर बघतो. त्यासाठी त्यांच्याकडून जोडणीचं नाव आणि परवलीचा शब्द घ्यावा लागतो. काही जण देतात, काही देत नाहीत. आणि इथेच टीव्हीची खरी गोम आहे.

एकाच फायबरमधून इंटरनेट, घरचा फोन आणि टीव्ही यांच्या वाटा काही ठिकाणी वेगवेगळ्या काढलेल्या असतात. इंटरनेटवाल्यांच्या डब्याला या वाटा ठाऊक असतात, आपल्या नव्या राउटरला नसतात. मग इंटरनेट चालतं आणि टीव्ही किंवा फोन मुका होतो. काही राउटरमध्ये 'आयपीटीव्ही' नावाचं पान असतं आणि तिथे कंपनीचे आकडे भरून एक भोक टीव्हीसाठी राखून ठेवता येतं. पण आकडे कंपनीनेच द्यायला हवेत. तेव्हा ही रीत हौसेची. नुसता टीव्ही नीट चालावा एवढंच हवं असेल, तर हिच्या वाटेला जाऊ नये.

टीव्ही कोणत्या जातीचा?

इंटरनेटवरून येणारा टीव्ही दोन प्रकारचा, हे कुणी आपल्याला सांगतच नाही. एक म्हणजे ॲपवरचा. यूट्यूब, मालिकांची ॲप, बातम्या. याला कोणतंही चांगलं इंटरनेट चालतं, मधे दोन राउटर असोत की तीन.

दुसरा म्हणजे इंटरनेट कंपनीचा स्वतःचा टीव्ही. तो तिच्याच जाळ्यातून येतो आणि बहुधा तिच्याच जोडणीवर दिसतो. उदाहरणच द्यायचं तर बीएसएनएलने ऑक्टोबर २०२४ मध्ये फायबरवरून 'आयएफटीव्ही' नावाची सेवा जाहीर केली. पाचशेहून अधिक वाहिन्या, त्या बीएसएनएलच्याच जाळ्यातून येणाऱ्या, आणि टीव्हीला लागणारा डेटा इंटरनेटच्या कोट्यातून न कापणाऱ्या. मध्य प्रदेश आणि तमिळनाडूपासून तिची सुरुवात झाली. अशा सेवेचा टीव्ही किंवा सेटटॉप बॉक्स असेल, तर माझा सल्ला एकच. तो बॉक्स तारेने थेट कंपनीच्या डब्यालाच जोडा. आपला राउटर बाकीच्या घरासाठी ठेवा. दोघांचं भांडण लागायचा प्रश्नच उरत नाही.

आणि शक्य असेल तिथे टीव्हीला तारच द्या. टीव्ही काही घरभर फिरत नाही, मग त्याला बिनतारी कशाला? 'कॅट ६' किंवा 'कॅट ५ई' छापलेली तार घ्या. १०० मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते, आपलं घर त्यापुढे काय! ती विजेच्या तारेच्या पट्टीतून मात्र नेऊ नका, वेगळी न्या.

आपल्या उन्हाची आणि विजेची गोष्ट

मुंबईच्या माणसाने लिहिलेले सल्ले आपल्याकडे पुरे पडत नाहीत. चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. आणि राउटरचा कागद नीट वाचा. बहुतेकांवर ४० अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं छापलेलं असतं! म्हणजे दुपारी जे चाक फिरतं, त्याला कधी कधी ऊनच कारण असतं. डबे बंद पेटीत ठेवू नका, एकावर एक रचू नका, पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. त्यांच्यावर क्रोशाचं झाकण तर अजिबात घालू नका. मीच घातलं होतं, म्हणून सांगते.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की दोन्ही डब्यांचे आणि टीव्हीचे प्लग काढा. फायबर काचेचं असतं, त्यातून वीज सहसा येत नाही. ती घुसते प्लगमधून आणि लांब ओढलेल्या तांब्याच्या तारेतून.

आपल्या गावाला लागून २९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे, पण वादळात आपल्याही घरची वीज जातेच! डब्यांसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो दोन-चार तास ओढतो. घेताना जुन्या ॲडॉप्टरवरचे आकडे लिहून न्या. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, बहुधा १२ असतात, काहींचे ९. ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. आणि यूपीएसवर दोन्ही डबे हवेत. एकच ठेवला तर पुढचं चालेल आणि मागचं बंद.

वीज आल्यावर चालू करायचा क्रमही ठरलेला. आधी कंपनीचा डबा. दोन-तीन मिनिटं थांबा, दिवे स्थिर होऊ द्या. मग आपला राउटर. सगळ्यात शेवटी टीव्ही. सगळं एकदम चालू केलं की घोटाळा होतो.

आतल्या गावांतल्या मैत्रिणींसाठी

गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा जिल्हा झाला. तिकडे अंतरं लांब, बहुतांश जंगल, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या ज्या योजनेला २०११ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, तीच आज भारतनेट म्हणून ओळखली जाते. पण रस्त्याचं काम निघालं, झाड पडलं, की तार तुटते, आणि जोडणारा माणूस यायला शहरापेक्षा वेळ लागतो. तेव्हा तिकडच्या मैत्रिणींनी बिघाड घरातला की बाहेरचा, हे आधी स्वतः ओळखावं.

परीक्षा सोपी आहे. दुसरा राउटर बाजूला काढा. टीव्ही किंवा लॅपटॉप तारेने थेट कंपनीच्या डब्याला जोडा. चाललं, तर दोष आपल्या राउटरच्या जोडणीत. नाही चाललं, तर दोष बाहेरचा. मग तक्रार करताना ठणकावून सांगता येतं, 'थेट जोडून बघितलंय, एलओएसचा दिवा लाल आहे.' असं सांगणाऱ्या बाईला कुणी 'घरात जेन्ट्स आहेत का' म्हणून विचारत नाही! तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. उत्तर समाधानाचं नसेल, तर प्रत्येक कंपनीला त्यावर अपील ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. ट्रायचा तसा नियम २०१२ पासून आहे.

जिथे फायबर नाही पण फाइव्ह-जी आलं आहे, तिथे गच्चीवर डबा लावून बिनतारी इंटरनेट देतात. त्या डब्याच्या आणि टॉवरच्या मध्ये पानांनी भरलेलं झाड आलं तर जोर कमी होतो. उन्हाळ्यात पानगळीत बसवलेला डबा पावसाळ्यात कुरकुरतो, तो यामुळेच. म्हणजे पुन्हा गच्चीवर जाऊन दिशा बदलणं आलंच! घरात मात्र दुसरा राउटर जोडायच्या रीती वर सांगितल्या त्याच.

कुलूप आणि वही

दोन गोष्टी शेवटी. नवा राउटर येतो तेव्हा त्याचा आतला परवलीचा शब्द कारखान्याचा असतो आणि तो साऱ्या जगाला ठाऊक असतो. पहिल्याच दिवशी बदला. वायफायचा शब्दही वेगळा ठेवा, मुलांच्या जन्मतारखा नकोत. कुलूप 'डब्ल्यूपीए २' किंवा 'डब्ल्यूपीए ३' जातीचं निवडा. पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' वायफाय बहुतेक राउटरमध्ये करता येतं. लग्नघरात ते फार उपयोगी.

आणि गॅसच्या पुस्तकाशेजारी एक वही ठेवा. तीत ग्राहक क्रमांक, तक्रारीचा नंबर, दोन्ही डब्यांचे पत्ते, कोणती तार कुठे जाते त्याचं चित्र. तारांना औषधाच्या चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यावर 'आजी', 'बैठक' असं लिहा. घरातलं ज्ञान एका माणसाच्या डोक्यात राहिलं, की तो माणूस पुण्याला गेल्यावर टीव्ही मुका होतो. हे मी अकरा दिवस भोगलं आहे.

त्या दिवशी त्या पोरासमोर मी डीएचसीपी बंद केलं, पत्ता बदलला, तार नीट लावली. पहिला डबा, मग दुसरा, मग टीव्ही. मी पुढे बैठकीत होते, डब्याचे दिवे बघत. आत सासूबाई पलंगावर. मी ओरडून विचारलं, "आलं का?"

क्षणभर काही नाही. मग मागच्या खोलीतून पेटीचे सूर ऐकू आले आणि त्यावरून सासूबाईंचा आवाज, "आला वो बाई, आला! आता हालवू नको!"

मी काहीच हलवत नव्हते. पण तशीच उभी राहिले.